मंत्रिपद सोडताना दिलेला जबाब

अधिकार स्वीकारताना केलेली भाषणे लोक फार दिवस लक्षात ठेवीत नाहीत, आणि त्यात लोकांची चूक आहे असेही म्हणवत नाही. त्या वेळी बोलणाऱ्यापाशी दाखविण्यासारखे काम नसते. असतात ती केवळ आश्वासने. अधिकार सोडताना मात्र स्थिती पालटते. काय करावयाचे होते, त्यातले किती झाले, उरलेले कोणाच्या हयगयीने राहिले, ह्याचा जबाब देण्याची ती वेळ असते. आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट अधिक फोड करून सांगावयास नको. पेढीतून निघणाऱ्या भागीदाराने आपण निघालो अशी जाहीर नोटीस दिली नाही, तर १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणे पेढीच्या पुढील व्यवहारांबद्दलही तिऱ्हाइताच्या दाव्यात तो जबाबदार धरला जाऊ शकतो. मंत्रिमंडळ हीदेखील एक प्रकारची भागीदारीच आहे. एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी सर्वांवर, आणि सर्वांनी केलेल्या निर्णयाची जबाबदारी प्रत्येकावर. अशा पेढीतून जो मुकाट्याने उठून जातो, त्याच्याविषयी लोक हवा तो तर्क करतात, आणि मागे राहिलेले भागीदार आपल्या सोयीचा तर्क तेवढा पसरवितात. म्हणून मंत्रिपद सोडताना कारणे सांगणे ही केवळ सवलत आहे असे आम्ही समजत नाही. ज्या लोकांच्या नावाने मंत्र्याने अधिकार चालविला, त्यांचे ते देणे आहे.

ह्या दृष्टीने पाहता स्वतंत्र हिंदुस्थानच्या इतिहासात १९५१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांनी कायदेमंत्रिपद सोडताना जे निवेदन प्रसिद्ध केले, त्याच्या तोडीचा कागद आम्हांस दुसरा आढळत नाही. त्यास आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. डॉक्टरसाहेबांचे पुतळे गावोगाव उभे राहिले, जयंत्या थाटाने होऊ लागल्या, त्यांचे नाव न घेणारा राजकीय पक्ष उरला नाही. परंतु त्या निवेदनात जो हिशेब मांडला होता तो वाचणारे व चुकता करणारे किती, असा प्रश्न केला तर उत्तर समाधानकारक मिळणार नाही. आज त्याच हिशेबाची उजळणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम निवेदन करणारा मनुष्य कोण, हे पाहिले पाहिजे. १९५१ साली डॉ. आंबेडकर साठ वर्षांचे होते, आणि त्यांच्या कायदेमंडळातील कारकिर्दीस चोवीस वर्षे होत आली होती. कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांच्या अर्थशास्त्रातील उच्च पदव्या घेऊन, बॅरिस्टर होऊन, १९२३ साली ते मुंबईस हायकोर्टात वकिली करू लागले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. आणि १९२७ साली सरकारनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदे कौन्सिलात बसले. त्याच वर्षी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसाने माणसास मोकळे करावे ह्यासाठी त्यांनी सत्याग्रह केला. कौन्सिलात त्यांनी महार वतनाचा प्रश्न हाती घेतला, गिरणीतील बायांस बाळंतपणाची सवलत देणाऱ्या बिलास पाठिंबा दिला, आणि पुढे १९३७ साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल आणले. तिन्ही गोलमेज परिषदांस ते हजर होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल झाले. १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र सरकारचे कायदेमंत्री, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, अशी दोन ओझी त्यांनी एकदम उचलली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना संमत झाली, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर ह्या श्रमाची खूण स्पष्ट उमटली होती.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते काँग्रेसचे नव्हते. पंचवीस वर्षे त्यांनी काँग्रेसवर कडक टीका केली होती, आणि काँग्रेसनेही ती विसरण्याचा मोठेपणा सहसा दाखविला नव्हता. तरीही १९४७ साली पंडित नेहरूंनी त्यांस मंत्रिमंडळात बोलाविले व ते आले. ह्यात उभयतांचे कर्तव्यज्ञान दिसते. आम्ही काँग्रेसच्या राष्ट्रीय कार्याविषयी आदर बाळगणारे लोक आहोत. तथापि राष्ट्रीय पक्षाविषयी आदर असणे निराळे आणि त्या पक्षाने घेतलेले कर्ज फेडले की नाही हे न विचारणे निराळे.

राजीनाम्याचा घटनाक्रम थोडक्यात असा. १९५१ च्या ऑगस्टात डॉक्टरसाहेबांनी पंतप्रधानांस पत्र लिहून कळविले की, आपली प्रकृती बिघडत आहे, डॉक्टरांच्या हाती आपणास सोपविण्यापूर्वी हिंदू कोड बिल तडीस गेलेले पाहण्याची आपली इच्छा आहे, सबब ते आधी घ्यावे. सप्टेंबरात बिल चर्चेस आले. चार कलमांपलीकडे ते गेले नाही. सरकारने ते सोडून दिले. २७ सप्टेंबर रोजी डॉक्टरसाहेबांनी राजीनामा पाठविला. आपल्या खात्याकडील इतर बिले अधिवेशनात अर्धवट राहू नयेत म्हणून ते आणखी काही दिवस कामावर राहिले. ते संपल्यावर सभागृहात निवेदन करण्यास ते उठणार, तोच अध्यक्षस्थानी असलेल्या उपसभापतींनी निवेदनाची प्रत अगोदर मिळाली नाही ह्या कारणाने ते त्या वेळी करू देण्याचे नाकारले व संध्याकाळची वेळ नेमून दिली. आपण आता मंत्री उरलो नाही, असला हुकूम आपण मानणार नाही, असे बजावून डॉक्टरसाहेब सभागृहातून निघून गेले, आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या स्वाधीन केले.

ह्या प्रसंगात कायद्याचा जो मुद्दा आहे तो विसरून चालणार नाही. आज लोकसभेच्या नियमावलीतील १९९ व्या नियमाप्रमाणे पद सोडणाऱ्या मंत्र्यास सभापतींच्या संमतीने वैयक्तिक निवेदन करता येते, व त्याची प्रत एक दिवस आधी सभापतींस आणि सभागृहनेत्यास द्यावी लागते. निवेदनावर चर्चा होत नाही, म्हणून त्यात कोणावर भलता आरोप येऊ नये, हा ह्या नियमाचा हेतू रास्त आहे. परंतु सभागृहनेता म्हणजे बहुधा पंतप्रधानच. म्हणजे ज्याच्याविषयी तक्रार करावयाची त्याच्या हाती तक्रारीचा कागद एक दिवस आधी द्यावयाचा, असा ह्याचा अर्थ होतो. कोर्टात प्रतिपक्षास कैफियतीची नक्कल मिळते हे खरे. पण ती त्याने वाचून पाहिल्याखेरीज वादीला तोंड उघडता येणार नाही, असे कोणी न्यायाधीश म्हणत नाही. घटनेचा मसुदा ज्याने घडविला त्यासच त्या घटनेने निर्मिलेल्या सभागृहात आपले शेवटचे चार शब्द बोलता आले नाहीत, ह्याचा खेद आजही वाटल्याशिवाय राहत नाही.

आता निवेदनाकडे वळू. आरंभीच त्यांनी वृत्तपत्रांस चार गोष्टी ऐकविल्या आहेत, त्या आम्ही आमच्या धंद्याच्या अभिमानाने झाकून ठेवणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या वृत्तपत्रांस काही माणसांविषयी जुना लोभ व काहींविषयी जुना द्वेष असतो. गुणदोष पाहून निकाल देण्याची त्यांची रीत नाही. आणि कोठे रिकामी जागा दिसली की खऱ्या कारणाऐवजी मनची कारणे तेथे भरण्यास ती तयारच असतात. म्हणून आपण निवेदन करीत आहो. प्रकृतीच्या कारणाने आपण पद सोडले असे लोकांस वाटू नये, हाही त्यांचा कटाक्ष होता. आजारीपणाकरिता कर्तव्य टाकणाऱ्यांपैकी आपण नव्हे, असे त्यांनी निक्षून सांगितले. राजकारणात प्रकृती हे मोठे सोयीचे कारण आहे. त्याने जाणाऱ्याची अब्रू राहते, राहणाऱ्यांची अडचण टळते, आणि लोकांस काहीच कळत नाही. डॉक्टरसाहेब खरोखर आजारी होते, हे कारण त्यांच्या हाताशी तयार होते, तरी त्यांनी ते वापरले नाही. सार्वजनिक सत्यनिष्ठेचा हा धडा लहान नव्हे.

पुढे त्यांनी पाच कारणे सांगितली. पहिले, खात्यांची वाटणी. कायदेखाते म्हणजे कारभाराच्या दृष्टीने रिकामे खोके, हे व्हाइसरॉयच्या मंडळातील अनुभवाने त्यांस ठाऊक होते. नियोजनाचे खाते मिळेल असे आश्वासन होते, ते मिळाले नाही. आणि अर्थशास्त्राचा आजन्म विद्यार्थी असताही मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीतून त्यांस बराच काळ वगळण्यात आले. हे कारण वाचून काहींस त्यात व्यक्तिगत मानापमान दिसतो. परंतु त्यांनी जोडलेले विधान पाहिले म्हणजे तो गैरसमज टिकत नाही. महत्त्वाचे निर्णय समित्यांत होतात आणि मंत्रिमंडळ हे त्या निर्णयांची नोंद करणारे कचेरीवजा दफ्तर बनले आहे, असे ते म्हणाले. सामुदायिक जबाबदारी ह्या तत्त्वावर हा थेट आघात आहे. कारण ज्या निर्णयात आपला शब्द चालला नाही त्याची जबाबदारी अंगावर घ्यावयाची, हे न्यायाचे नव्हे. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते ह्याचा पुरावा पाच वर्षांच्या आत मिळाला. १९५६ च्या जुलैत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला; आणि लोकसभेतील आपल्या निवेदनात, मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंतप्रधानांनी मंत्रिमंडळास न विचारता केली, हीच तक्रार त्यांनी मांडली. एक महाडास सत्याग्रह केलेला लोकनेता, दुसरा त्याच महाडाजवळील नाते गावी जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर. दोघांचे स्वभाव, शिक्षण व पक्ष निरनिराळे. अशी दोन माणसे एकाच दुखण्यावर बोट ठेवतात तेव्हा दुखणे खरे आहे असेच समजले पाहिजे.

दुसरे व तिसरे कारण मागासलेल्या वर्गांविषयी व अस्पृश्य गणलेल्या वर्गांविषयी होते. घटनेच्या ३४० व्या कलमाने मागासलेल्या वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद केली. घटना अमलात येऊन वर्षाहून अधिक लोटले, तरी आयोग नेमण्याचा विचारही झाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. अस्पृश्यांची स्थिती तर पूर्वीचीच, जुलूम पूर्वीचाच, असे त्यांनी दुःखाने नमूद केले. काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली पहिला आयोग १९५३ च्या जानेवारीत नेमला गेला; १९५५ साली त्याचा अहवाल आला आणि सरकारने तो स्वीकारला नाही. दुसरा आयोग १९७९ साली नेमला, आणि त्याच्या शिफारशीपैकी केंद्राच्या नोकऱ्यांसंबंधीचा निर्णय १९९० साली जाहीर झाला. घटनेतील एका कलमाची मागणी मंत्रिमंडळात उभी राहिल्यापासून तिचे फळ दिसू लागेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली. सरकारी दिरंगाईचे भिजत घोंगडे म्हणतात ते ह्याहून दुसरे काय?

चौथे कारण परराष्ट्रनीतीचे. वर्षाच्या ३५० कोटी रुपयांच्या उत्पन्नापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, आणि अडचणीच्या वेळी धावून येईल असा मित्र मात्र आपण जोडला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. काश्मीरविषयी त्यांनी त्या प्रदेशाची फाळणी सुचविली. ह्या सूचनेशी आम्ही सहमत नाही. धर्माच्या शिरगणतीने सीमा आखण्याचा जो प्रयोग १९४७ साली पंजाबात व बंगालात झाला त्याची फळे पाहिल्यावर तो पुन्हा करावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु मतभेद असला म्हणून निवेदनाचे महत्त्व कमी होत नाही. उलट, मंत्र्यांचे मतभेद राष्ट्रास कळले पाहिजेत ह्या आमच्या म्हणण्यास त्याने बळकटीच येते.

पाचवे व मुख्य कारण हिंदू कोड बिल. तरुण वाचकांस हे नाव आता ऐकीव झाले असेल, म्हणून त्याची हकीकत सांगणे जरूर आहे. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख ह्यांच्या खटपटीने १९३७ साली विधवांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याने विधवेस नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. विकण्याची वा देऊन टाकण्याची मुखत्यारी तिला सहसा नव्हती. त्या कायद्यातील घोटाळे निस्तरण्यासाठी १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल घारपुरे हे तिचे एक सभासद होते. ह्या समितीने तयार केलेला मसुदा ११ एप्रिल १९४७ रोजी कायदेमंडळात दाखल झाला. ९ एप्रिल १९४८ रोजी सिलेक्ट कमिटीकडे गेला. आणि त्यानंतर कधी वेळ नाही म्हणून, कधी वातावरण नाही म्हणून, तीन वर्षे रखडत राहिला.

त्यात होते तरी काय? एकपत्नीत्व, अडचणीच्या प्रसंगी काडीमोड, जातीबाहेरील विवाहास व दत्तकास कायद्याची मान्यता, स्त्रीच्या मर्यादित हक्काऐवजी पूर्ण मालकी, मुलाबरोबर मुलीस वारसा, आणि मिताक्षरेप्रमाणे मुलास जन्मतःच जो वडिलार्जित इस्टेटीत हक्क उत्पन्न होतो तो रद्द करणे. ह्यांपैकी पुष्कळ गोष्टी मुंबई इलाख्यास नव्या नव्हत्या. द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा येथे १९४६ साली व हिंदू घटस्फोटाचा १९४७ साली झाला होता. आणि बापाकडून मुलीस जे मिळेल ते तिचे पूर्ण मालकीचे, हा ह्या इलाख्यातील कोर्टांचा निर्णय त्याहून कितीतरी जुना होता. त्यामुळे धर्म बुडाला असे कोणी सांगितलेले आम्ही ऐकले नाही. मग दिल्लीतच एवढा गहजब का उडावा?

त्याचे उत्तर आमच्या महाराष्ट्राच्या जुन्या वादात सापडते. १८९१ साली, म्हणजे डॉक्टरसाहेबांचा जन्म झाला त्याच वर्षी, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेणारा एवढाच तो बेताचा कायदा. आगरकरांनी सुधारकातून त्याची बाजू घेतली. टिळकांनी आक्षेप घेतला की परकीय सरकारास आमच्या सामाजिक गोष्टींत हात घालण्याचा अधिकार नाही. सुधारणा समाजाने आपली आपण करावी. ह्या आक्षेपात स्वाभिमानाचा अंश होता हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की, सरकार आपले झाले म्हणजे हे काम आपण स्वतः करू. ती एक हुंडी होती, आणि तिची मुदत स्वराज्य येताच भरली.

स्वराज्य आले, हुंडी पटविण्यासाठी पुढे झाली, तेव्हा काय झाले? आता म्हणू लागले की ही संसद तात्पुरती आहे, प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, तिला एवढ्या मोठ्या गोष्टीचा अधिकार नाही. खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात पंतप्रधानांस ह्याच आशयाचे पत्र लिहिले. ज्या सभेने देशाची घटना केली, स्त्रीपुरुष समान असे कलम लिहिले, जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्यांच्या रक्षणासाठी त्याच १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्ती केली, तिला लेकीबाळींचा वारसा ठरविण्याचा तेवढा अधिकार नाही! दुसरे म्हणाले, सर्व धर्मांच्या लोकांस एकच कायदा करा, तोपर्यंत थांबा. तो मुद्दा स्वतंत्रपणे विचार करण्यासारखा आहे. पण शेजाऱ्याचे घर झाडले जाईपर्यंत आपले झाडावयाचे नाही, हा कोणता न्याय? आक्षेपाचे रूप दर वेळी पालटले. थांबा हा शब्द मात्र तोच राहिला.

निवेदनात डॉक्टरसाहेबांनी सांगितले की, मंत्रिमंडळाने बिल करण्याचा निर्णय घेतला असता पक्षाने आपल्या सभासदांवर तसा आदेश काढला नाही. आणि पंतप्रधानांशी इतका बेइमान मुख्य प्रतोद व बेइमान प्रतोदाशी इतके इमानी पंतप्रधान आपण पाहिले नाहीत. पंतप्रधानांची कळकळ खरी होती, पण ती शेवटास नेण्याचा निर्धार त्यांच्यापाशी नव्हता, हा त्यांचा निष्कर्ष. सगळेच जाईल अशा वेळी अर्धे तरी वाचवावे म्हणून विवाह व घटस्फोट एवढाच भाग पुढे घेण्यास ते कबूल झाले. मग तोही सोडण्यात आला. वर्गावर्गांतील व स्त्रीपुरुषांतील विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करीत बसणे म्हणजे घटनेची थट्टा करणे व शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणे होय, असे त्यांनी बजाविले. आधी राजकीय की आधी सामाजिक, ह्या रानडे-आगरकरांच्या काळापासून चाललेल्या वादाचा इतका रोखठोक निकाल दुसऱ्या कोणी मंत्र्याने दिलेला नाही.

पंडित नेहरूंवर अन्याय होऊ नये म्हणून पुढील हकीकतही सांगितली पाहिजे. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यांनी ह्या प्रश्नावर डगमगून लढविली नाही. नव्या संसदेत त्यांनी बिलाचे तुकडे करून एकेक संमत करून घेतले. हिंदू विवाहाचा कायदा १९५५ साली झाला. वारसाहक्काचा जून १९५६ मध्ये. त्याच साली अज्ञानपालकत्वाचा, आणि शेवटी दत्तक व पोटगीचा. ह्यांतील शेवटचा कायदा डिसेंबर १९५६ मध्ये अमलात आला; डॉ. आंबेडकरांचे निधन त्याच महिन्याच्या ६ तारखेस झाले होते. राजीनाम्यानंतर लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी त्यांस पाडले होते. राज्यसभेत ते आले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांस यश आले नाही. ज्यांच्या लेकीबाळींसाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, त्या समाजाने त्यांची परतफेड ही अशी केली.

आणि कायदे झाले तेदेखील पूर्ण झाले नाहीत. १९५६ च्या वारसा कायद्याच्या सहाव्या कलमाने मिताक्षरेचे एकत्र कुटुंब कायम ठेवले. बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीस वाटा. पण वडिलार्जित इस्टेटीत मुलगा जन्मतः भागीदार, मुलगी नाही. डॉक्टरसाहेबांच्या बिलात जो गाभा होता तोच नेमका वगळला गेला. महाराष्ट्र सरकारने १९९४ साली मुलीस सहदायाद केले, तेही त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. साऱ्या देशास लागू असा बदल ९ सप्टेंबर २००५ पासून झाला. तरीही त्या दिवशी बाप हयात असावा की नसावा ह्यावर खटले चालले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, बाप त्या तारखेस हयात असण्याची अट नाही. १९४७ साली दाखल झालेल्या मसुद्यातील एका न्याय्य गोष्टीस अशा रीतीने अठ्ठावन वर्षांनी कायद्याचे रूप आले व त्र्याहत्तराव्या वर्षी तिचा अर्थ निश्चित झाला.

आता आमच्या नागरिक व व्यापारी वाचकांस थोडे स्पष्ट विचारतो. कायदा झाला, व्यवहार झाला काय? दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र नावाचा जो कागद नोंदला जातो, तो आपल्या घरी कोणी कोणाकडून लिहून घेतला हे प्रत्येकाने आठवून पाहावे. बाप वारला की दुःखाचे दिवस ओसरण्यापूर्वीच भाऊ कागद तयार करतो. बहिणीस बोलावून साडीचोळी देतो. आणि माहेर तुटू नये ह्या भयाने ती सही करते. हे पत्र खुशीने लिहून दिले असे त्यात छापील शब्द असतात. खुशी कशास म्हणतात हे वकिलीच्या धंद्यात आम्हांस पुरते कळले आहे. ज्या सहीस नकार दिला असता नाते तुटते ती सही खुशीची नव्हे. हाच व्यापारी दुकानाच्या भागीदाराकडून एक पैचा हिस्सा फुकट सोडवून घेण्याचा प्रयत्न करील तर बाजारात त्याची पत राहणार नाही. बाजारात जी अप्रामाणिकता ठरते ती घराच्या उंबरठ्याआड आली की रीत कशी होते?

आमची सूचना साधी आहे. बहिणीस खरोखर आपला हिस्सा सोडावयाचा असेल तर सोडू द्या. परंतु आधी इस्टेटीची यादी व किंमत तिच्या हाती द्या, तिच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला तिला घेऊ द्या, आणि निदान काही महिन्यांचा अवधी जाऊ द्या. ज्याचा व्यवहार सरळ आहे त्यास ह्यांपैकी एकाही गोष्टीची अडचण वाटणार नाही. ज्यास वाटेल त्याने आपल्या मनास कारण विचारावे. आणि ज्या बापांस हे वाचून पटेल त्यांनी आपल्या हयातीतच मुलामुलींची वाटणी लिहून ठेवावी. म्हणजे मुलीस माहेर आणि हक्क ह्यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग येणार नाही.

मंत्री जातात व येतात. बहुतेकांच्या निरोपाच्या भाषणांत आभार, आठवणी व थोडे अश्रू ह्यापलीकडे काही नसते. डॉ. आंबेडकरांनी चार वर्षे व सुमारे दोन महिने मंत्रिपद भोगून निघताना आभारांऐवजी येणे-देणे मांडले. त्यातील सरकारची बाकी सरकारने उशिरा, हप्त्याहप्त्याने व कुरकुरत फेडली. समाजाची बाकी अजून उभी आहे. तिची मागणी संसदेत करावयाची नसून ती ज्याच्या त्याच्या घरात, ज्याच्या त्याच्या कपाटातील दस्तऐवजांपुढे करावयाची आहे.